आण्याला अर्धा तास

सकाळी पावणेआठ वाजता पंचफुलाबाई मोटरीच्या खोपडीच्या दारात फतकल मारून बसली आणि म्हणाली, "आज मोटर चालू होत नसते."

पंजाबराव खांद्यावर फावडं घेऊन धुऱ्यावरून येत होता. आजपासून त्याची पाळी. आठ दिवस सलग पाणी म्हणून गडी चहा अर्धा टाकून निघाला होता. त्यानं फावडं खाली ठेवलं.

"काऊन, मावशी? कालच संपली ना तुमची पाळी?"

"संपली? सुरू कवा झाली, ते तं सांग."

बाईचं म्हणणं खोटं नव्हतं. तिच्या तीन दिवसांतले दोन दिवस डीपी जळालेली होती. तिसऱ्या दिवशी लाईन आली ती दुपारी दोनला आणि चारला गेली. तीन दिवसांच्या पाळीत बाईला मिळाले दोन तास. तिच्या वावरात कांद्याचं बी उभं होतं, पांढरेशुभ्र गोंडे फुललेले, दाणा भरायची वेळ आणि वर फाल्गुनाचं ऊन. पुढची पाळी तेरा दिवसांनी. तेरा दिवसांत त्या गोंड्यांचं काय होईल, हे सांगायला कोणी साहेब लागत नव्हता.

अमडापूरच्या अलीकडची ही विहीर तिघांची. व्यवहारातून आणे जाऊन जमाना झाला, पण विहिरीत ते अजून जिवंत होते. पंजाबरावाचा हिस्सा आठ आणे, त्याचा चुलतभाऊ कडूबा याचा पाच, पंचफुलाबाईचा तीन. आठ आण्यांना आठ दिवस पाणी, पाचांना पाच, तिनांना तीन. सोळा दिवसांचा फेरा. आणि एक जुना कायदा, ज्याच्या पाळीत लाईन जाईल, त्याची पाळी गेली. कायदा कोणी केला ते माहीत नव्हतं, पण तो नेहमी पंचफुलाबाईलाच का लागतो, हे गावाला नीट माहीत होतं. बिघाड झाला की बाकीचे दोघं लाईनमनला फोनवर फोन करायचे. बाईच्या पाळीत फोन करायची कोणाला घाई नसायची.

"आता कायदा तं कायदा हाये, मावशी," कडूबा विहिरीच्या काठावर बसून तंबाखू मळत म्हणाला. त्याची पाळी आठ दिवसांनी होती, त्यामुळे त्याला कायदा फार आवडत होता.

"मंग मी बी इथंच हावो," बाई म्हणाली.

पंजाबरावाची योगिनी चहाची किटली घेऊन आली ती नेमकी या वेळी. पोरगी नववीत. उंच, काटकुळी, आणि डोक्यात कायम काहीतरी चालू. तिनं तिघांना चहा दिला, भांडण ऐकलं आणि किटली हातात धरून तशीच उभी राहिली. सौर फिडर झाल्यापासून लाईन दिवसाच असते, सकाळी आठ ते दुपारी चार. आठ तास. आणि आणे सोळा. आठ आणि सोळा हे दोन आकडे तिच्या डोक्यात शेजारी शेजारी येऊन बसले, आणि तिच्या अंगावर सर्रकन काटा आला.

"बाबा, पाळी दिवसांची कायले? तासांची करा ना. आठ तास लाईन, सोळा आणे. आण्याले अर्धा तास."

"काय?"

"आण्याले अर्धा तास, रोज. आपले आठ आणे, चार तास. काकाचे पाच, अडीच तास. आजीचे तीन, दीड तास. झाले आठ. रोज सगळ्यायले पाणी. तेरा दिवस कोनालेच थांबाचं काम नाही."

कडूबाचा मळणारा अंगठा थांबला. त्यानं बोटांवर मोजलं, पुन्हा मोजलं. "रोज अडीच तास? माह्या मिरचीले तं हेच पायजे होतं बे!"

"अन् लाईन गेली तं?" पंचफुलाबाईनं विचारलं.

"तं दुसऱ्या दिवशी सगळ्यायच्या वेळातून हिश्श्यानं कापू, आजी. एकट्याची पाळी जानार नाही."

बाईनं पोरीकडे पाहिलं. मग गुडघ्यावर हात टेकून उठली, लुगड्याची माती झटकली आणि दारातून बाजूला झाली. आठ वाजले, लाईन आली. पंजाबरावानं स्टार्टर दाबला तेव्हा मोटरीपेक्षा त्याची छातीच जास्त फुगली होती.

शाळेत चंद्रशेखर सरांचा गणिताचा तास चौथा. योगिनीला तोवर दम निघेना. सरांची एक वेगळीच रीत होती. उदाहरण सुटलं की उत्तराखाली मुलांनी सही करायची. उत्तर चुकलं तर सर रागावत नसत, पण ज्याची सही त्यानंच फळ्यापाशी जाऊन चूक कुठं झाली ते सगळ्यांना दाखवायचं. सुरुवातीला पोरं लाजून मरायची. आता फळ्यापाशी जायला कोणाला काही वाटत नव्हतं, आणि सही मात्र प्रत्येक जण दहादा विचार करून करायचा.

योगिनीनं सरांना सगळं एका दमात सांगितलं. सर हसले.

"छान आहे. ताळा केलास?"

"केला ना सर. चार अधिक अडीच अधिक दीड, आठ."

"हा बेरजेचा ताळा झाला. वाटणीचा ताळा, ज्याच्या वाट्याला सगळ्यात कमी येतं त्याच्या जागी उभं राहून करायचा."

"हो सर," योगिनी म्हणाली. तिला त्यातलं अक्षरही ऐकू गेलं नव्हतं. ती मनातल्या मनात पत्र्याची पाटी रंगवत होती.

पाटी तिनं खरंच रंगवली. तेलाच्या डब्याचा पत्रा सपाट करून वर पांढरा रंग दिला आणि निळ्या अक्षरांत लिहिलं: पंजाबराव आठ ते बारा, कडूबा बारा ते अडीच, पंचफुलाबाई अडीच ते चार. खाली ठसठशीत सही, योगिनी पंजाबराव शेळके, इयत्ता नववी. पाटी खोपडीवर ठोकली आणि बुधवारपासून नवी पाळी सुरू झाली.

आणि काय मजा झाली म्हणून सांगू! कडूबाच्या मिरचीनं चार दिवसांत मान वर केली. पंजाबरावाच्या उन्हाळी भुईमुगाला रोजचं पाणी मिळालं. पंजाबराव चौथी नापास, पण अमडापूरच्या बाजारात भाजीवाल्यापासून न्हाव्यापर्यंत त्यानं सगळ्यांना थांबवून सांगितलं, "माह्या पोट्टीनं इहीर सोडवली." दोन गावांवरून एक जण आपल्या विहिरीचे आणे घेऊन आला. त्याच्याकडे सात, सहा आणि तीन होते. योगिनीनं त्याला धुऱ्यावर उभ्याउभ्या मांडणी करून दिली, आणि तो गेल्यावर ती घरामागं जाऊन एकटीच दोन गिरक्या घेऊन आली. गणित वहीतून उठून असं पाण्यात उतरतं, हे तिला कोणी आधी सांगितलंच नव्हतं.

पहिल्या रविवारी ती मामाकडे लग्नाला मोताळ्याला होती. इतर दिवशी शाळा. त्यामुळे पाटी लावल्यापासून बाराव्या दिवशी, दुसऱ्या रविवारी, ती दुपारी पहिल्यांदा मोकळी सापडली. अडीचला कॉक फिरवायला ती स्वतःहून गेली, आणि कडूबाकडचा कॉक बंद करून पंचफुलाबाईचा उघडून मोठ्या ऐटीत पाइपाच्या कडेकडेनं शेवटच्या वावरात पोचली. कौतुक ऐकायची हौस, दुसरं काय.

पंचफुलाबाई आजच्या पहिल्या सरीच्या तोंडाशी फावडं घेऊन उभी होती. पाइप कोरडा होता.

"पाणी सोडलं, आजी."

"हाव. येईन."

दोघी उभ्या राहिल्या. पाइपातून नुसती हवा फुसफुसत होती. गोंड्यांवर मधमाश्यांचा गजर चालला होता, उन्हानं डोकं तापत होतं. योगिनीनं मोबाइलमध्ये पाहिलं. दोन चाळीस. पाइपानं एक ढेकर दिली आणि गप्प बसला. दोन पंचेचाळीस. पाइप खोकला, गढूळ पाण्याची चूळ टाकली, पुन्हा थांबला. दोन पन्नासला कुठं धार लागली.

"रोज इतका वेळ लागते?"

"रोज." बाईनं सरीचं तोंड फोडलं. "पाळी बदलली की खालचा कॉक उघडते, पाइप उतारानं रिकामा होते. दुसऱ्या दिवशी पुन्ना भराचा. तीन दिवसांच्या पाळीत तीनदा भरत जाये. आता रोज भरा लागते." ती वाकून ढेकूळ बाजूला करत बोलत होती, तक्रारीचा सूरसुद्धा नव्हता. "एका सरीले वीस मिन्टं लागतात, पोरी. माह्या पस्तीस सऱ्या. दीड तासात साडेचार झाल्या असत्या तं आठ दिवसांत फेरा पुरा होत होता. पण रोज माही एक सरी हा पाइपच पेते. साडेतीनच होतात."

योगिनीनं मान वळवून वावराच्या टोकाकडे पाहिलं. शेवटच्या सात सऱ्या वेगळ्या दिसत होत्या. दांड्या पिवळ्या पडून वाकलेल्या, गोंडे चुरगाळलेले. त्यांना नवव्या-दहाव्या दिवशी पाणी मिळालं होतं, आणि त्याआधीचा जुना तुटवडा वेगळाच.

"मंग सांगतलं काऊन नाही, आजी?"

"कोनाले सांगू? पाटीवर लिवलेलं हाये. खाली सही हाये." बाईनं कंबर सरळ केली. "हिशोब लय साजरा हाये तुहा. तुमच्या वावरात तं लयच साजरा."

योगिनीचे कान गरम झाले. बाई चिडून बोलली असती तर बरं झालं असतं. तिनं ते अगदी साधं, मिरच्यांचा भाव सांगावा तसं सांगितलं. पंजाबरावाचं वावर विहिरीला लागून. तिथं पाणी लगेच पोचतं. आपण वाटणी केली आणि ती आपल्याच घराच्या बाजूनं झुकली, हे बारा दिवस सगळं गाव टाळ्या वाजवत असताना या बाईला एकटीला दिसत होतं. लाज वाटली, जाम वाटली. सर काय म्हणाले होते ते आता शब्दनशब्द आठवलं.

पण लाजेच्या मागोमाग डोक्यात दुसरंच चक्र फिरायला लागलं होतं. ती पळत निघाली. लाईन चारपर्यंत होती. तिनं मधला पंधरा मिनिटांचा वेळ बाईकडून मागून घेतला, उद्या परत देईन म्हणाली, बाई नको म्हणाली, आणि मोबाइल हातात धरून कॉक फिरवत सुटली. कडूबाच्या मिरचीत पाणी पोचायला आठ मिनिटं. बापाच्या भुईमुगात दोन. वीस, आठ, दोन. तीस मिनिटं रोज पाइपच पितो, आणि त्यातली वीस एकट्या आजीच्या वाट्याची. कडूबा बांधावरून ओरडला, "काय लंगडी खेळून राह्यली का बे?" ती तशीच पळत राहिली.

संध्याकाळी योगिनीची आई छाया चुलीपुढं भाकरी थापत होती आणि पंजाबराव ओसरीत पाय धूत होता. योगिनीनं वही उघडूनच सुरुवात केली.

"बाबा, माही चूक झाली."

तिनं सगळं सांगितलं. पाइप सगळ्यांचा आहे, तर पाइप भरायचा वेळही सगळ्यांचा. चारशे ऐंशी मिनिटांतून आधी ती तीस काढायची. उरलेल्या चारशे पन्नासाचे सोळा भाग करायचे, आणि मग ज्याचा त्याचा पाइप भरायचा वेळ ज्याच्या त्याच्या वाट्यात घालायचा. पंचफुलाआजीला एकशे चार मिनिटं. काकाला एकशे एकोणपन्नास.

"अन् आपल्याले?"

"दोनशे सत्तावीस."

"आता किती हायेत?"

"दोनशे चाळीस."

पंजाबरावानं पाय पुसायचे थांबवले. "म्हन्जे तेरा मिन्टं आपलेच गेले? सगळे?"

"काकाचं एक गेलं."

"वा." तो उठला. "बाजारात म्या लोकायले सांगत फिरलो, माही पोट्टी हुशार. अन् पोट्टीनं बापाचंच पानी कापलं. त्याह्यचं वावर लांब हाये, त्यात माहा काय गुन्हा?"

"अन् आपलं जवळ हाये, त्यात आपली काय कमाई?" छाया तव्यावरची भाकरी उलटत म्हणाली. तिनं मान वर केली नाही.

पंजाबराव पोरीकडे वळला. "गप बस. कोनी बोलून नाही राह्यलं तं तूच काऊन बोलतं?"

"पाटीवर माही सही हाये, बाबा."

"मंग पुसून टाक."

"पुसली तं चूक कोनाची ते कोनालेच समजनार नाही. अन्..." खरं अवघड पुढंच होतं. "मागचे बारा दिवसही हायेत. रोज तेरा. एकशे छप्पन्न मिन्टं आपल्याकडं जास्तीचे आले. ते परत द्या लागतीन."

पंजाबराव जेवायला बसला, आणि एक भाकरी खाऊन उठला.

सोमवारी आठाला विहिरीवर तिघं जमले तेव्हा योगिनी पाटीखाली उभी होती. आवाज शाबूत होता. वर्गात फळ्यापाशी उभं राहायची सवय अशी कामाला आली. "हे गणित माहं होतं, अन् ते चुकलं," ती म्हणाली. "म्या विहिरीपाशी उभं राहून वाटलं. शेवटच्या सरीपाशी उभी राह्यलीच नाही." आणि मग कुठं, किती, कोणाचं, सगळं. मागच्या बारा दिवसांचंही.

कडूबा म्हणाला, "एवढी झकझक कायले? दिवसांचीच पाळी बरी होती."

"नाही," पंचफुलाबाई म्हणाली. "दिवसांत माहे दोन दिवस लाईननं खाल्ले. तासांत पाइप एक सरी खाते. पोट्टी पाइपाचा उपाय सांगून राह्यली, तं ऐका." मग पंजाबरावाकडे न बघता, "मागचं राहू द्या. पुढचं तेवढं करा."

सगळे पंजाबरावाकडे बघायला लागले. तो स्टार्टरच्या पेटीवर हात ठेवून उभा होता. "आजपासून नव्या टायमानं," तो म्हणाला, आणि मोटर चालू करून, कोणाकडे न बघता, भुईमुगात निघून गेला. मागच्याचा हिशोब तसाच राहिला. अकरा सत्तेचाळीसला योगिनी शाळेत होती. कॉक वेळेवर फिरला की नाही, या विचारात तिनं मराठीच्या तासाला दोनदा बोलणी खाल्ली. घरी आल्यावर छायानं सांगितलं, फिरला. भुईमुगाच्या शेवटच्या दोन सऱ्या कोरड्या सोडून फिरला.

मंगळवारी योगिनी दप्तर अडकवून किटली घेऊन विहिरीवर आली तेव्हा आठ वाजत होते. खोपडीच्या भिंतीवर कोळशानं काहीतरी लिहिलेलं होतं. वेडेवाकडे आकडे, खोडलेले, पुन्हा लिहिलेले. तेरा बारादा खाली खाली मांडून बेरीज केलेली. पंजाबरावाला गुणाकार येत नव्हता, त्यानं बारा वेळा तेरा मिळवले होते. बोटं कोळशानं काळी झाली होती.

त्यानं मोटर चालू केली आणि आपल्या वावराकडचा कॉक न उघडता पंचफुलाबाईकडचा उघडला.

"घड्याळ लाव," तो म्हणाला. "एकशे छप्पन्न. अन् पाइप भराचे वीस वेगळे, तेही आपल्यातलेच. दहा छप्पन्नपरेंत."

योगिनीनं किटली खाली ठेवली आणि मोबाइलमध्ये घड्याळ लावलं. वीस मिनिटं वेगळी धरायची, हे ती स्वतः काल सांगायला विसरली होती.

"वीस बरोबर हायेत ना?" त्यानं विचारलं. पोरीला असं विचारायची त्याची ही पहिलीच वेळ होती.

"बरोबर, बाबा."

कडूबा काठावरून हे सगळं बघत होता. त्यानं तंबाखूची चिमूट तोंडात टाकली आणि लांब चेहरा करून म्हणाला, "मंग आता माहे बी बारा घ्या. अकरा आठपरेंत. नाही तं हे पोट्टी मले झोपू देनार नाही."

योगिनी निघाली ती पाइपाच्या कडेनं जीव घेऊन पळत. पाठीवर दप्तर आपटत होतं. पायाखाली पाइपात पाणी गुरगुरत पुढं सरकत होतं आणि ती त्याच्याशी शर्यत लावून पळत होती. शाळा साडेदहाची, आज काही खरं नव्हतं. पंचफुलाबाई वावराच्या मध्ये गवत काढत बसली होती.

"आजी, उठा. पानी आलं."

"आत्ता? माही पाळी तं दोन सोळाले हाये."

"ते बी हाये. हे मागचं हाये. बाबानं सोडलं. अकरा आठपरेंत."

बाईनं विळा खाली ठेवला. मग विहिरीच्या दिशेनं पाहिलं. तिथं एक माणूस फावड्याला टेकून उभा असलेला लहानसा दिसत होता. बाईचे ओठ हलत होते. योगिनीला आधी वाटलं बाई रडते की काय, पण बाई मोजत होती.

"वीस मिन्टाले एक," ती उठत म्हणाली. "शेवटच्या साती बी होतात, अन् वर एक. पाइप पानी टाकाच्या आधी तिकडचा पान्याचा दांड फोडा लागते. दप्तर ठेव त्या धुऱ्यावर, अन् फावडं घे."

योगिनीनं दप्तर ठेवलं आणि फावडं घेतलं.